देव आला, तळे मागे राहिले

आईचे माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. वाळपईहून सातेक किलोमीटरवर, नगरगावच्या बाजूला, माडापोफळीच्या कुळागरांच्या आडोशाला ब्रह्मकरमळी नावाचे गाव आहे आणि त्या गावात ब्रह्मदेवाचे देऊळ आहे. देऊळ लहानसे आहे. मूर्ती मात्र पाहणाऱ्याचे पाऊल जागीच खिळवून ठेवणारी आहे. काळ्या पाषाणातली, उभी, कदंबांच्या काळातली ही मूर्ती समोरून पाहिली की तिची तीन मुखे दिसतात आणि मधल्या मुखाला दाढी आहे. लहानपणी सुट्टीत आजोळी गेले की आजी आम्हा भावंडांना तिथे घेऊन जायची आणि दर वेळी न चुकता सांगायची, "हा देव इथला न्हय. हा तिसवाडीतल्या करमळीहून आला. आणि असा दुसरा देव बघायचा तर थेट पुष्करास जायला हवे."

राजस्थानातले ते पुष्कर आजीने कधी पाहिले नाही. तिचा सगळा जन्म सत्तरीत गेला आणि तिच्या लेखी पणजी हेसुद्धा लांबचे गाव होते. पण पुष्कर हा शब्द तिच्या तोंडून आईने ऐकला, आईच्या तोंडून मी ऐकला, आणि गेल्या हिवाळ्यात, आईने पंचाहत्तरी ओलांडल्यावर, एका संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून झाल्यावर ती सहज म्हणाली, "बाय, पुष्कर बघायचे राहिले." आईने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मी त्याच आठवड्यात तिकिटे काढली.

कार्तिकातली गर्दी आम्ही मुद्दाम टाळली. कार्तिकी एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत पुष्करात स्नानाचे पर्व असते, त्याच सुमारास उंटांचा मोठा बाजार भरतो आणि त्या दिवसांत आईसारख्या बाईला घाटावर पाऊल ठेवायलाही जागा मिळाली नसती. आम्ही पौषात गेलो. अजमेरहून बस निघाली की थोड्याच वेळात नाग पहाडाचा घाट लागतो. इकडे अजमेर, तिकडे पुष्कर, आणि मध्ये हा उघडाबोडका, काटेरी झुडपांचा डोंगर. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या डोळ्यांना डोंगर म्हटला की हिरवे दिसते. आई खिडकीतून बराच वेळ त्या करड्या उतारांकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "ह्या दगडांतून पाणी येणार तरी कुठून?"

तिचा प्रश्न पुष्करच्या मुळालाच हात घालणारा होता. सत्तरीत पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, म्हादई दुथडी भरून वाहते आणि पाण्याचे अप्रूप म्हणून कुणाला वाटत नाही. अजमेरच्या मुलखात वर्षाकाठी जेमतेम वीसेक इंच पाऊस पडतो. पुष्करच्या पूर्वेला नाग पहाड आणि पश्चिमेला थरच्या वाळवंटाची चाहूल देणाऱ्या वाळूच्या टेकड्या आहेत, आणि या दोहोंच्या मधल्या खोलगट जागेत, डोंगरावरून उतरणाऱ्या पावसाच्या पाण्यावर, हे सरोवर जगते. अशा कोरड्या भूमीत एक मोठे, शांत, उघडे पाणी अचानक डोळ्यांपुढे आले तर ते आकाशातून पडलेल्या कमळामुळे निर्माण झाले असे माणसाला वाटणारच. पद्मपुराणातली कथा तेच सांगते. ब्रह्मदेवाच्या हातातले कमळ पृथ्वीवर पडले, त्याच्या पाकळ्या तीन ठिकाणी पडल्या आणि तिथे ज्येष्ठ, मध्य आणि कनिष्ठ अशी तीन पुष्करे झाली. आज गाव वसले आहे ते ज्येष्ठ पुष्कराभोवती. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना तीर्थे सांगू लागतात तेव्हा आरंभ पुष्करापासून करतात आणि म्हणतात, पुष्करास जाणे कठीण, तिथे तप करणे कठीण, दान देणे कठीण आणि तिथे वास घडणे तर फारच कठीण. आजी जे "थेट पुष्करास जायला हवे" म्हणायची, त्यातले ते "थेट" मला तिथे पोहोचल्यावर उमगले.

सरोवराचे पहिले दर्शन झाले ते एका अरुंद गल्लीच्या टोकाशी. दोन्ही बाजूंना पितळी भांडी, रंगीत कापडे आणि गुलकंदाच्या बरण्या मांडलेली दुकाने होती, आणि गल्ली संपली तशी एकदम पायऱ्यांवर उतरणारी पांढरी शांतता पसरली. पादत्राणे घाटाच्या बरीच अलीकडे काढून ठेवावी लागतात. आईने चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि एक-एक पायरी मोजल्यासारखी उतरू लागली. सरोवराभोवती ५२ घाट आहेत. वराह घाट, ब्रह्म घाट, गऊ घाट, जयपूर घाट अशी त्यांची नावे वाचत फिरले की राजेरजवाड्यांचा आणि भाविकांचा इतिहास पायाखालून सरकत जातो. गऊ घाटावर गांधीजींच्या अस्थींचा एक भाग विसर्जित झाला होता, म्हणून त्याला गांधी घाटही म्हणतात. पाणी हिरवट होते, पण निवांत होते. कबुतरांचे थवे एका घाटावरून उठत आणि पाण्यावरून वळसा घेऊन पुन्हा तिथेच उतरत. आई शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली, तळहात पाण्यावर हलकेच टेकवला आणि तसाच ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. कितीतरी वेळ तिने तो उचलला नाही.

त्या पहिल्या सकाळी एक गोष्ट मनाला लागली, तीही सांगायला हवी. आम्ही बसलो होतो तिथे एक तरुण पुरोहित आला, त्याने आईच्या हातात फुले आणि अक्षता दिल्या आणि संकल्प सुरू केला. आईने डोळे मिटले होते. संकल्पात माझ्या दिवंगत वडिलांचे नाव, गोत्र, गाव आले आणि मग, मंत्र अर्धवट थांबवून, किती रकमेचा संकल्प सोडणार हे त्याने विचारले. आईने आकडा सांगितला, तो त्याला पुरेसा वाटला नाही, आणि पाण्यात हात धरून बसलेल्या म्हाताऱ्या बाईशी त्याने घासाघीस केली. पैसे देऊन मी विषय संपवला. पण आईचा उतरलेला चेहरा मला दिवसभर दिसत राहिला. नवऱ्याचे नाव ओठांवर असताना पैशांची गोष्ट काढू नये एवढी साधी जाण त्या घाटावर असायला हवी, असे मला आजही कळकळीने वाटते. तीर्थावर उपजीविका करणाऱ्यांना दक्षिणा मिळायलाच हवी. ती मागण्याची वेळ मात्र पाहिली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्याच घाटावर दुसरा अनुभव आला. आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी एका वृद्ध पंड्यांकडे नेले. त्यांच्या ओसरीवर लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या रचून ठेवल्या होत्या. या वह्यांना तिथे बही म्हणतात, आणि पुष्करास आलेल्या घराण्यांची नावे, गावे, कोण कुणाचा मुलगा, कोण कधी आले याच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या त्यांत केल्या जातात. आमच्या घरातले कुणी पूर्वी पुष्करास आलेले नव्हते, त्यामुळे आमचे पान नव्हतेच. पंड्यांनी नवे पान उघडले, चष्मा पुसला आणि आईला विचारले, "माताजी, गाँव?"

आईने सासरचे गाव सांगितले. त्यांनी लिहून घेतले. मग मान वर न करताच पुढचा प्रश्न आला, "मूल गाँव?"

आई थांबली. मला वाटले तिला हिंदी कळले नसेल, म्हणून मी मराठीत सांगायला गेले, तर तिने हातानेच मला थांबवले. मग ती सावकाश म्हणाली, "लिहा, माहेर ब्रह्मकरमळी. आणि मूळ गाव करमळी, तिसवाडी." पंड्यांनी दोन्ही नावे लिहिली. करमळी लिहिताना त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि 'ळ' या अक्षरापाशी त्यांची लेखणी अडखळली, कारण त्यांच्या रोजच्या लिहिण्यात ते अक्षर नव्हते. आईने त्यांच्या वहीच्या कडेला बोटाने ते अक्षर काढून दाखवले. त्यांनी ते तसेच उतरवले.

गोव्यातल्या माणसाला मूळ गाव विचारले की त्याच्या उत्तरात चारशे-साडेचारशे वर्षे येतात. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी तिसवाडी घेतली आणि १५४० च्या सुमारास त्या बेटावरची देवळे पाडली जाऊ लागली. पुढच्या काही दशकांत सासष्टी आणि बारदेशातही तेच झाले. जे जमले ते लोकांनी उचलले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, वेर्णेची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. करमळीचा ब्रह्मदेव त्याहून दूर, तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्याबाहेर असलेल्या सत्तरीच्या रानात आला, आणि ज्या ठिकाणी तो विसावला त्या ठिकाणाने त्याच्या जुन्या गावाचे नाव धारण केले. आजी सांगायची की देवाला रात्रीचे नेले आणि नेणाऱ्यांनी मागे वळून पाहिले नाही. ते खरे असेल किंवा आजीच्या आजीच्या मनाने रचलेले असेल. पण मागे वळून न पाहता चालणारी ती माणसे लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

या सगळ्या कथेत मी नेहमी देवाचा विचार केला होता. तो कसा उचलला, कसा लपवला, कुठे ठेवला. देवाने मागे काय ठेवले, हा विचार मला पुष्करात, ब्रह्मदेवाच्या देवळातून बाहेर पडताना पहिल्यांदा आला.

ते देऊळ उंच जोत्यावर आहे. पायऱ्या चढून गेले की लाल रंगाचे शिखर आणि दारावरचा हंस दिसतो. आत संगमरवरी फरशीत भाविकांनी बसवलेली चांदीची नाणी आहेत आणि गाभाऱ्याकडे तोंड करून एक चांदीचे कासव आहे. आमच्याकडच्या देवळांतून दगडी कासव पाहायची सवय असलेली आई त्या कासवापाशी क्षणभर वाकली आणि ओळखीचे माणूस भेटल्यासारखी हसली. गाभाऱ्यात चतुर्मुख ब्रह्मदेव आणि त्याच्या शेजारी गायत्री. सावित्री तिथे नाही. यज्ञाच्या मुहूर्ताला सावित्रीला यायला उशीर झाला म्हणून ब्रह्मदेवाने गायत्रीला शेजारी बसवून यज्ञ पुरा केला, आणि संतापलेल्या सावित्रीने शाप दिला की यापुढे तुझी पूजा इथे सोडून कुठे होणार नाही. ती रुसून रत्नागिरी नावाच्या टेकडीवर जाऊन बसली, ती अजून तिथेच आहे. २०१६ पासून तिथे जायला रज्जुमार्ग झाला असल्यामुळे आईलाही वर जाता आले. वरून सरोवर एखाद्या तबकासारखे दिसते. आई म्हणाली, "रुसली खरी, पण नजरेआड झाली नाही." शापाची कथा सांगणारे पुष्कर हेच ब्रह्मदेवाचे एकमेव देऊळ मानतात. प्रत्यक्षात गुजरातेत खेडब्रह्मा आहे, राजस्थानातच आसोतरा आहे, तमिळनाडूत कुंभकोणम आहे आणि आमची ब्रह्मकरमळी आहे. आईला मात्र या शापाचे वेगळेच वाटले. ती म्हणाली, "आमच्या देवाला दोन-दोन शाप लागले. एक बायकोचा आणि एक फिरंग्यांचा. तरी दिवा विझला नाही."

पुष्करच्या देवळांनाही आघात चुकलेले नाहीत. औरंगजेबाच्या काळात इथली देवळे पाडली गेली. आजचे ब्रह्मदेवाचे देऊळ उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे कारभारी गोकुळ पारख यांच्या हातून, कारण १८१८ मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत अजमेरचा मुलूख शिंद्यांकडे होता. हे कळल्यावर त्या लाल शिखराशी माझे एक दूरचे नाते जुळल्यासारखे झाले. पण मनात घर करून राहिले ते दुसरेच. इथे देऊळ पडले आणि पुन्हा तिथेच उभे राहिले. देव गाव सोडून गेला नाही. का नाही गेला, याची राजकीय कारणे इतिहासाचे अभ्यासक सांगतील. मला मात्र सरोवराच्या काठाशी बसल्यावर असे वाटले की देव जाणार कुठे? मूर्ती उचलता येते, पालखीत, पाटीत, घोंगडीत गुंडाळून रातोरात नेता येते. तळे उचलता येत नाही. इथे तळेच मुख्य होते आणि देव त्याच्या काठचा रहिवासी होता, म्हणून जे काही उभारायचे ते लोकांनी पुन्हा पाण्याच्या काठीच उभारले.

करमळीलाही तळे आहे. जुन्या गोव्यापासून जवळच, तिसवाडीच्या पूर्व भागात, मोठे पसरट, उथळ तळे. पावसाच्या पाण्यावर भरणारे आणि वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भातशेतीला पाणी पुरवणारे. हिवाळ्यात तिथे शिट्टी मारणारी बदके शेकड्यांनी उतरतात आणि पक्षी पाहणारी माणसे दुर्बिणी घेऊन काठावर उभी राहतात. देव गेला, तेव्हा हे पाणी तिथेच राहिले. देवाला नेणारे मागे वळून पाहत नव्हते, तेव्हा त्यांच्या पाठीशी जे होते, त्यात हे पाणीही होते. आम्ही देवाच्या पाठोपाठ सत्तरीत गेलो, तिथले झालो, देवाची पूजा एकही दिवस चुकवली नाही आणि पाण्याला विसरलो. मी पणजीला नोकरी केली, करमळी स्थानकावर कितीतरी वेळा गाडीत चढले-उतरले. त्या तळ्याला हात लावला नाही.

संध्याकाळी घाटावर आरती होते. नगारा वाजू लागतो, दिवे पाण्यावर सोडतात आणि अंधारात पाण्याचा काठ कुठे संपतो ते कळेनासे होते. आईला साखळीजवळच्या विठ्ठलापूरची त्रिपुरारी पौर्णिमा आठवली. तिथे वाळवंटीच्या पात्रात दिव्यांनी सजवलेल्या होड्या सोडतात, त्या पाहायला ती लग्नाआधी वडिलांबरोबर चालत गेली होती. पाण्यावर दिवा सोडण्याची माणसाची ही ओढ किती जुनी असेल कोण जाणे. शेजारी बसलेल्या एका चहावाल्याने आम्हाला २००९ सालची गोष्ट सांगितली. गाळ काढण्यासाठी सरोवर रिकामे केले, त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि सरोवर भरलेच नाही. कार्तिकात आलेल्या यात्रेकरूंना स्नानासाठी लहान टाक्या बांधून त्यांत विंधनविहिरींचे पाणी सोडावे लागले. "देव होता, देऊळ होते, घाट होते," तो म्हणाला, "पण आम्हाला वाटायचे की घरातले माणूस गेले आहे." सांगताना त्याचा आवाज बदलला. इतक्या वर्षांनंतरही तो त्या कोरड्या खड्ड्याकडे पाहत असल्यासारखा समोरच्या पाण्याकडे पाहत होता. कमळाचे हे तळेही माणसाच्या हाताने आणि एका चुकलेल्या पावसाने आटू शकते, हे ऐकून आई गप्प झाली. मग तिने त्याला विचारले, "मग पुन्हा भरले तेव्हा काय केले?" तो म्हणाला, "काय करणार? सगळे गाव पाहायला आले."

निघायच्या दिवशी आईने तांब्याच्या लहान गडव्यात सरोवराचे पाणी भरून घेतले, तोंडाला कापड बांधले आणि ते पिशवीत कपड्यांच्या मधोमध उभे ठेवले. ब्रह्मकरमळीच्या देवाला अभिषेक करायचा, हे तिचे आधीपासून ठरलेले होते. परतीला आम्ही अजमेरहून केरळकडे जाणारी मरुसागर एक्सप्रेस धरली. ही गाडी राजस्थान, गुजरात ओलांडून कोकण रेल्वेने मडगावला येते. वाटेत रत्नागिरी स्थानक आले तेव्हा आई पाटी वाचून म्हणाली, "सावित्री इथेही आली वाटते." चिपळूणच्या पुढे गाडीत ओली हवा येऊ लागली होती आणि दोन्ही बाजूंना पुन्हा हिरवे दिसत होते.

थिवी मागे पडले, मांडवीचा पूल आला. मी आईला म्हटले, "आता करमळी येईल. तळे दिसेल." तिने काही उत्तर दिले नाही, पण पिशवी मांडीवर घेतली, कपडे बाजूला सारले आणि गडवा बाहेर काढून खिडकीपाशी दोन्ही हातांनी धरला. रुळांच्या कडेला ते पसरट पाणी आले. काठाशी लव्हाळे होते, कमळाची पाने होती आणि मध्यावर बदकांची काळसर रांग होती. कापडाची गाठ तिने सोडली नाही. गडवा तिने फक्त उंच धरला, काचेला टेकवून, लहान मुलाला घर दाखवावे तसा, आणि तळे दिसेनासे होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

महिनाभराने ब्रह्मकरमळीत अभिषेक झाला. भटांनी पाणी देवाच्या मस्तकावर ओतले तेव्हा आईने त्यांना मध्येच थांबवले आणि गडव्यात तळाशी चार घोट ठेवायला सांगितले. येत्या रविवारी आम्ही दोघी करमळीला जाणार आहोत. काठापर्यंत उतरता येईल अशी जागा कुठे आहे, ते मी शोधून ठेवले आहे.